आजोबांच्या पेटीतले कॅडमियमचे पाने: साफ करा, चकचकीत करू नका

प्रश्न थोडक्यात असा. हर्णैच्या एका घरात माळ्यावरून आजोबांची हत्यारपेटी खाली उतरली आहे. आजोबा मुंबईला गोदीत फिटर होते. पेटीत वीस-बावीस पाने, एक रॅचेट, गोटीपान्यांचा अर्धामुर्धा सेट. काहींवर मंद रुपेरी, काहींवर पिवळट सोनेरी झाक. मधूनच पांढरी पूड आणि तांबडा गंज. कुणीतरी सांगितलं, हा कॅडमियमचा, म्हणजे एका विषारी धातूचा, मुलामा असणार. नातवाला ही हत्यारं खंडेनवमीच्या पूजेत मांडायची आहेत. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून सकाळी ग्राइंडरला तारेचं चाक लावून घासली तर चालतील का, आणि पुढे रोजच्या कामाला वापरू का, असं तो विचारतो. आई म्हणते, देवाची भांडी घासतो तशी आमसुलाच्या पाण्यात टाक.

व्हिनेगर नको, आमसूल नको, आणि तारेचं चाक तर हातातही घेऊ नका. मी चाळीसेक वर्षं रत्नागिरीत बोटींच्या इंजिनांची कामं केली. आता इंजिनाखाली शिरणं जमत नाही, म्हणून जुनी हत्यारं सांभाळत बसतो. त्या अनुभवावरून सांगतो: कॅडमियमच्या हत्याराचा तुम्हाला आणि तुमचा त्याला त्रास होऊ द्यायचा नसेल, तर त्याच्यावरची खारट घाण काढायची, तेलाचा हात द्यायचा आणि थांबायचं. आरशासारखं दिसायला हवं असेल तर नवा क्रोमचा पाना विकत घ्या.

आधी ते कॅडमियम आहे का ते बघू. दुसऱ्या महायुद्धात, साधारण १९४२ ते ४५, अमेरिकेत क्रोम आणि निकेल लढाईच्या सामानासाठी राखून ठेवलं होतं. त्यामुळे तिथल्या हत्यार कारखान्यांनी पान्यांवर कॅडमियम चढवलं किंवा ते तसेच काळे सोडले. विमानांच्या नटबोल्टांवर तर कॅडमियमच असायचं. युद्धानंतर लष्कराचा उरलेला माल बाजारात आला, पुढे मुंबईच्या दारूखाना बंदरात तोडल्या जाणाऱ्या जहाजांतूनही हत्यारं निघत राहिली, आणि गोदीतल्या चाकरमान्यांच्या पेट्यांतून ती कोकणात पोचली. एखाद्या पान्यावर तीन रेघांचा बाण कोरलेला दिसला तर ते ब्रिटिश सरकारी मालाचं चिन्ह. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने असतील तर तेही बहुधा विलायतीच.

नजरेने ओळखायचं तर क्रोम निळसर, आरशासारखं आणि कडक असतं. सुटलं की त्याचे पापुद्रे निघतात. निकेलमध्ये थोडी पिवळसर ऊब असते. जस्त नवं असताना निळसर, आणि खारं वारं लागलं की त्याच्यावर फुगीर पांढरी पूड धरते. कॅडमियमचा रंग रुप्याच्या जुन्या वाटीसारखा मऊ, त्यावर साटिनची चमक. क्रोमेटचा हात दिलेला असेल तर सोनेरी, इंद्रधनुषी किंवा शेवाळी. पण पन्नास-साठ पावसाळे खाल्लेल्या पान्यावर जस्त आणि कॅडमियम डोळ्यांनी वेगळं ओळखणं मलाही जमत नाही. सुईने ओरखडून मऊपणा बघायचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका, त्यात उगीच पूड निघते.

यापेक्षा चांगली युक्ती तुमच्या बाजारपेठेतच आहे. ‘केडीएम’ सोनं तुमच्या आईला नक्की माहीत असेल. त्यातला केडीएम म्हणजे कॅडमियमच. पूर्वी दागिन्यांना डाख लावताना सोन्यात कॅडमियम मिसळायचे, कारण त्याने डाख कमी उष्णतेला वितळतो. त्याचा धूर सोनारांच्या छातीत जायला लागला, म्हणून ती पद्धत मागे पडली. सोन्याचा कस क्ष-किरणांनी तपासायचं यंत्र ज्या सोनाराकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात असतं, त्यात कॅडमियमही दिसतं. एक पाना पुसून, पिशवीत घालून घेऊन जा आणि विनंती करा. टक्केवारीचा आकडा खरा येणार नाही, कारण मुलामा पातळ आणि खाली पोलाद. पण कॅडमियम आहे की नाही एवढं कळतं, आणि तेवढंच आपल्याला हवं आहे. तेही जमलं नाही तर सगळे पाने कॅडमियमचेच आहेत असं धरून चाला. जस्ताला कॅडमियमसारखं जपलं तर काही बिघडत नाही.

आता भीती किती बाळगायची? पाना हातात धरल्याने काही होत नाही. कातडीतून कॅडमियम फारसं आत जात नाही. धोका दोन वाटांनी आहे: श्वासातून आणि तोंडातून. श्वासातून जाते ती घासल्यावर उडणारी पूड आणि तापवल्यावर निघणारा धूर. तोंडातून जाते ती बोटांना लागलेली पांढरी भुकटी, म्हणजे पाना पुसता पुसता हातात घेतलेली विडी, चहाचा कप, बटाटवडा. विडी-सिगारेटच्या तंबाखूतच मुळात थोडं कॅडमियम असतं, त्यात ही भर. आत गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं, आणि निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. “आमच्या आजोबांनी जन्मभर हेच पाने वापरले, काही झालं नाही,” हे मी खूप वेळा ऐकलंय. खरं असेल. आजोबा त्यांनी नट फिरवत होते, ग्राइंडरवर त्यांची पूड करत नव्हते.

धुराचं मात्र मी स्वतः भोगलं आहे. विशीतली गोष्ट. एका बोटीच्या इंजिनाचा आतला नट कुठल्याच पान्याने हाताला येईना. उस्ताद म्हणाले, रिंगपाना गॅसवर लाल कर आणि मान वाकवून घे. मेकॅनिकला यात नवल काही नाही. प्रत्येकाच्या पेटीत असा एखादा वाकडा पाना असतो. मी घेतला तो नेमका जुना रुपेरी पाना होता. पोलाद लाल व्हायच्या कितीतरी आधी, ३२१ अंशांना, कॅडमियम वितळतं आणि ७६७ अंशांना उकळतं. पिवळट तपकिरी धूर निघाला, घशात गोडसर चव आली, आणि मी काम चालूच ठेवलं. दुपारी काही नाही. रात्री थंडी वाजून ताप, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं. सगळ्यांना वाटलं हिवताप. गॅल्व्हनाइझच्या पाइपला वेल्डिंग करणाऱ्यांनाही असा ताप येतो, तो जस्ताचा, आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. आमच्याकडे त्यावर दूध पाजायची रीत होती, मलाही पाजलं. त्याने काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. मी वाचलो, असा धूर भरपूर घेतलेली माणसं फुप्फुसं सुजून दगावलीही आहेत. कॅडमियमचा कावा असा की सुरुवातीचे काही तास काहीच जाणवत नाही. कुणाच्या हातून असं घडलंच तर तापाची वाट न बघता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना नेमकं सांगा: कॅडमियमचा धूर छातीत गेलाय.

म्हणून या पान्यांना टॉर्च लावायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, ग्राइंडर नाही, कानस नाही, पॉलिश पेपर नाही, वाळूचा फवारा नाही. तोंडाला मास्क बांधला म्हणजे ग्राइंडर चालतो असंही नाही. तुमच्या मास्कच्या बाहेर पूड खळ्यावर आणि घरात पडणारच आहे.

आता व्हिनेगर आणि आमसूल. दोन्हींचं काम एकच: आम्ल. गंज विरघळायच्या आधी कॅडमियम विरघळतं, आणि सकाळी तुमच्या बादलीत विषारी क्षारांचं स्वच्छ दिसणारं पाणी असतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत बर्फाच्या ट्रे आणि जगांना कॅडमियमचा मुलामा असायचा. त्यात लिंबू सरबतासारखी आंबट पेयं ठेवली आणि ती पिऊन लोकांना उलट्या-जुलाब झाले. आमसुलाचं आगळ त्या सरबतापेक्षा कमी आंबट नाही. देवाच्या पितळेला त्याने तेज येतं ते खरं, पण ज्या पातेल्यात पाने भिजवाल त्यात उद्या सोलकढी होणार असेल तर विचार करा. लिंबू, चिंच, सायट्रिक आम्ल, गंज काढायची फॉस्फोरिक आम्लाची बाटली, ही सगळी त्याच घरातली, आणि बॅटरी चार्जरने केलेलं इलेक्ट्रोलिसिसही नको. शिवाय कडक पोलादाला आम्लात बुडवलं की त्यात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. रॅचेटचा आतला कुत्रा, म्हणजे दात्यांत अडकणारी खिट्टी, असा तुटलेला मी पाहिलाय.

आणि सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच. हा मुलामा साधारण ५ ते १३ मायक्रॉन जाड असतो, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. तो स्वतः झिजतो आणि खालचं पोलाद वाचवतो, आणि खाऱ्या हवेत हे काम तो जस्तापेक्षा चांगलं करतो. विमानांना आणि आरमारी सामानाला तो यासाठीच लावायचे. तुम्ही तो उडवलात तर पाना दोन दिवस झकास दिसेल. मृगाचा पाऊस पडला की तोच पाना तांबडा. ऐंशी वर्षं जे टिकलं ते हर्णैच्या वाऱ्यात दोन महिन्यांत जाईल.

तर मग करायचं काय.

हे काम पावसाळा संपून हवा कोरडी झाली की करा, नोव्हेंबर ते मे. घरात नको, आणि खळ्यावरही नको. तिथे तुम्ही भात वाळवता, आमसुलं घालता. विहिरीपासून लांब, वारा नसलेल्या बाजूला एक जुना प्लॅस्टिकचा ट्रे मांडा, खाली वर्तमानपत्रांची जाड घडी. औषधाच्या दुकानातले नायट्राइलचे हातमोजे, जुना शर्ट. पोरं आणि मांजरं लांब. चहा, विडी, तपकीर सगळं काम संपून हात-तोंड धुतल्यावर.

पहिला नियम: कोरडं काही घासायचं नाही. ती पांढरी पूड म्हणजे बरीचशी कॅडमियमचा क्षारच. तिच्यावर फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पाना ट्रेमध्ये ठेवा आणि आधी तेलाने किंवा टर्पेंटाइनने ओला करा, मगच हात लावा. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो, आता ते रेशनवरही फारसं दिसत नाही. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन तेच काम करतं. जुना टूथब्रश घ्या, नायलॉनचा. पितळी किंवा लोखंडी ब्रश नको. ग्रीस मऊ व्हायला वेळ द्या. पन्नास वर्षांचं ग्रीस पाच मिनिटांत निघत नाही. टर्पेंटाइनने भिजवलेली चिंधी गुंडाळून रात्रभर झाकून ठेवली की सकाळी नुसतं पुसून येतं. एका चिंधीने दोन पाने पुसू नका, घाण इकडची तिकडे जाते.

बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात. टर्पेंटाइनने तेल निघतं, मीठ निघत नाही. आपल्याकडे खरा शत्रू मीठच. खाऱ्या वाऱ्याने बसलेलं मीठ तेलाखाली राहिलं तर पान्यावर तुम्ही झाकण ठेवून गंज शिजत घातला असं समजा. म्हणून तेल काढल्यावर भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाच्या कोमट पाण्यात तो ब्रशने धुवा आणि गोड्या पाण्यात दोनदा खंगाळा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. शेवटचं खंगाळणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने केलं तर उत्तम, एक बाटली सगळ्या पेटीला पुरते. लगेच पुसा आणि उन्हात ठेवा. चुलीजवळ किंवा ओव्हनमध्ये वाळवू नका.

रॅचेट मात्र पाण्यात बुडवू नका. मागचे स्क्रू काढून आतला भाग टर्पेंटाइनने पुसा, स्प्रिंग कुठे उडते ते बघा (माझ्या दोन स्प्रिंगा अजून सापडलेल्या नाहीत), आणि नवं पातळ तेल घालून बंद करा.

तांबडा गंज जिथे आहे तिथे कॅडमियम आधीच गेलेलं आहे. तेवढ्याच ठिपक्यावर भेदक तेलाचे थेंब टाकून तीन-चार दिवस थांबा, मग बांबूची कामटी टोकदार करून त्याच तेलात ओलंच खरवडा. पितळेची पट्टीही चालते, पण कड सोडून बाहेर घसरू देऊ नका. बाहेर मुलामा आहे. सुटा गंज गेला की पुरे. खाली जो काळपट घट्ट थर उरतो तो राहू द्या. पाहणाऱ्याला डाग दिसेल. दिसू दे.

अर्ध्याहून जास्त पाना तांबडा असेल तर लोक विचारतात, मुलामा पूर्ण उतरवून नवा चढवून घेऊ का. कॅडमियम चढवायच्या नेहमीच्या टाकीत सायनाइड असतं. गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडे ते शोधत फिरू नका, आणि घरी उतरवण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. असा पाना मी तेल लावून तसाच ठेवतो.

तेल कुठलं, यावर आपल्याकडे हमखास चूक होते. खोबरेल नको, ते खवट होतं, त्यातून आम्लं सुटतात, आणि चिकट होऊन धूळ धरतं. गाडीतून काढलेलं काळं ऑइल तर नकोच, त्यात जळण्यातून आलेलं आम्ल असतं. नवं मशीन ऑइल पातळ चोळा, किंवा साध्या पेट्रोलियम जेलीची डबी गरम पाण्यात ठेवून ती पातळ करून ब्रशने द्या आणि जास्तीची पुसा. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण, मिळालं तर सगळ्यात बरं. नुसतं शोभेला ठेवायचं असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात द्या, बोटांना काही लागत नाही.

आणि आजोबांची ती लाकडी पेटी. मला माहीत आहे, तिच्याशिवाय पाने पोरके दिसतील. पण कॅडमियमचं लाकडाशी जमत नाही. लाकडातून, विशेषतः नव्या लाकडातून आणि प्लायवूडच्या गोंदातून, अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. बंद पेटीत ती कॅडमियमला खाते आणि पुन्हा पांढरी पूड धरते. तुमच्या पान्यांवरची अर्धी पूड वाऱ्याची आणि अर्धी त्या पेटीची असेल. पेटी बैठकीत मांडा, पाने झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा त्या बदला. फटी बुजवायला व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ती तीच वाफ आहे.

आता मागे उरलेलं पाणी. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि यावर कुणी विचारत नाही. आपल्या घरांत मोरीचं पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला जातं. हे पाणी तिथे जाऊ देऊ नका. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी जस्ताच्या खाणीचं कॅडमियम पाण्यातून भातशेतीत गेलं, भातातून माणसांत, आणि हाडं मोडायला लागलेल्या बायका “इताई, इताई” म्हणजे दुखतंय, दुखतंय म्हणून कळवळायच्या. आजाराचं नावच ते पडलं. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने कारण कॅडमियम असल्याचं मान्य केलं. तुमच्या ट्रेमधलं पाणी त्या खाणीपुढे काहीच नाही. पण भात आणि पालेभाज्या कॅडमियम उचलतात, आपली जांभ्याची माती आम्लधर्मी आणि अशा मातीत ते जास्त सुटं राहतं, आणि तुमच्या परसातलं अळू तुम्हीच खाणार आहात. दोन-चार लिटरच पाणी असतं. ट्रेमध्येच उन्हात आटू द्या, तळाचा गाळ ओल्या कागदाने टिपा, आणि तो कागद, चिंध्या, मोजे, वर्तमानपत्रं दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर ‘कॅडमियम’ लिहा. ही पिशवी जाळायची नाही, पुरायचीही नाही. जवळच्या नगरपंचायतीच्या कचरा विभागाला घरगुती घातक कचरा कुठे घेतात ते विचारा. पहिल्या फेरीत बहुधा कुणाला माहीत नसेल, दुसऱ्यांदा जा. तोवर कोरड्या जागी, पोरांच्या हाताला येणार नाही अशी ठेवा. टर्पेंटाइन वेगळ्या बंद कॅनमध्ये.

रोजच्या कामाला हे पाने वापरू का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. कधीमधी एखादा नट फिरवला तर हरकत नाही, नंतर हात साबणाने धुवा. जून-जुलैत बोटी वर ओढल्या की रोज आठ तास काम असतं, त्याला नवे क्रोम व्हॅनेडियमचे घ्या. व्हिटवर्थचे पाने तसेही आजच्या मिलिमीटरच्या नटावर नीट बसत नाहीत, कोपरे मात्र खातात.

खंडेनवमी यंदा जवळ आली आहे आणि हवा अजून ओली, तेव्हा धुणं दिवाळीनंतर. सध्या मोजे घालून प्रत्येक पाना तेलाच्या चिंधीने एकदा पुसा आणि पूजेत मांडा. हळदकुंकू पान्यांवर नको, पेटीच्या झाकणावर वाहा. झेंडूची फुलं रात्रभर पान्यांवर ठेवू नका, त्यांच्या ओलाव्याचे डाग उमटतात. नैवेद्याचं ताट दुसऱ्या पाटावर.